दिवा ठीक, दावा कच्चा: मेंढ्यांच्या शेडसाठी मिळणाऱ्या प्रकाश-संचाची पारख

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात बंदिस्त मेंढीपालन करणाऱ्यांच्या शेडमध्ये अलीकडे एक पांढरी पेटी दिसू लागली आहे. आत डिजिटल टायमर, एक कॉन्टॅक्टर (टायमरच्या इशाऱ्यावर भार चालू-बंद करणारा स्विच), एक एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारं बटण). सोबत २० वॅटच्या चार एलईडी ट्यूब, ३० मीटर वायर आणि एक घडीपत्रक. जोडणीसह किंमत नऊ-दहा हजारांच्या घरात. पत्रकावर ठळक अक्षरांत तीन आश्वासनं: मेंढी हवी तेव्हा माजावर, वर्षात दोन वेत, जुळी दुप्पट. विकणारे वेगवेगळे, पेटीवरचा स्टिकर वेगळा, आतला माल जवळपास एकच. म्हणून कुणाचं नाव न घेता त्या संचाचीच पारख करतो.

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. शेडमधल्या दिव्याची वेळ सांभाळणारी पेटी म्हणून वस्तू वाईट नाही. पत्रकात लिहिलेलं काम मात्र आपल्या दख्खनी किंवा माडग्याळ मेंढीवर ती करत नाही, आणि जिथे केल्यासारखं वाटतं तिथे बहुतेक वेळा श्रेय दुसऱ्याच कुणाचं तरी असतं.

मुळात उजेडाचा आणि मेंढीच्या माजाचा संबंध आहेच, ती काही विकणाऱ्याची थाप नाही. डोळ्यावर पडलेल्या उजेडाची खबर मेंदूतल्या पिनियल ग्रंथीपर्यंत पोचते. अंधार असतो तेवढा वेळ ही ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते आणि उजेड पडला की थांबते. रात्र लांब तर मेलाटोनिन जास्त तास, रात्र आखूड तर कमी तास. त्या तासांवरून मेंढीच्या शरीराला ऋतू कळतो. मेंढी दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारी. घोडीचं नेमकं उलट. हे एक वाक्य पत्रकात कुठेच नाही, आणि सगळी गडबड इथूनच सुरू होते: दिव्याने दिवस लांबतो, मेंढीला माजासाठी हवी असते लांब रात्र. अनेकांनी संच बसवला, दिवा वर्षभर १६ तास चालू ठेवला आणि माजाची वाट बघत बसले. ज्या जातींना दिवसाची लांबी खरंच कळते त्यांना अशा वागणुकीने ‘अजून उन्हाळाच आहे’ एवढाच निरोप जातो.

आता या जाती कोणत्या? सफोक, स्कॉटिश ब्लॅकफेस, फ्रान्समधली इल-द-फ्रान्स वगैरे. त्यांचा मुलूख बघा. लंडनला जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरातला जेमतेम आठ तासांचा. फरक साडेआठ तासांहून जास्त. बेळगाव १६ अक्षांशाच्या आसपास. इथला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या किंचित वर, सगळ्यात लहान सव्वाअकराच्या किंचित खाली. वर्षभरात दोन तासांचासुद्धा फरक नाही. तिकडे मेंढी चुकीच्या महिन्यात व्याली तर कोकरू बर्फात मरतं, म्हणून तिकडच्या मेंढीचं घड्याळ कडक. आपल्याकडे कोकरू जगतं की मरतं ते चाऱ्यावर ठरतं, म्हणून दख्खनी मेंढीचं लक्ष आभाळाकडे कमी आणि रानातल्या हिरवळीकडे जास्त. वळवाचे दोन पाऊस झाले, बांधाला कोवळं गवत आलं की जून-जुलैत माजाची लाट येते आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत कोकरं पडतात. पोट भरलेलं असेल तर उरलेल्या महिन्यांतही थोड्याफार मेंढ्या माजावर येतच असतात. जिला ऋतूचं बंधनच सैल, तिचं बंधन सोडवायला दिवा कशाला?

मेरिनो किंवा रॅम्बुले या विदेशी जातींच्या रक्ताच्या संकरित मेंढ्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्यात दिवसाच्या लांबीची थोडीफार जाण शिल्लक असते, पण सफोकइतकी नाही. असा कळप ज्यांच्याकडे असेल त्यांना पुढचं वाचायला जास्त कारण आहे.

संचाबद्दल तक्रारीपेक्षा कौतुक जास्त ऐकू येतं, आणि ते कौतुक खोटंही नसतं. अनेकांच्या मेंढ्या खरंच माजावर आल्या. का आल्या, ते त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आहे. तिथे तीन सूचना आहेत: दिवा चालू असेपर्यंत मेंढा कळपापासून वेगळा ठेवा, मेंढ्यांना रोज पाव किलो मका भरड द्या, आणि दिवा बंद केल्यावर मेंढा सोडा. आता दिवा मनातून बाजूला काढा. उरतं काय? दोन महिने मेंढ्याचा वास, आवाज, दर्शन काहीच नाही, आणि मग एकदम मेंढा कळपात. याला मेंढ्याचा परिणाम म्हणतात आणि तो जुना, पक्का, फुकटचा उपाय आहे. थंड बसलेल्या मेंढीला दोन-तीन दिवसांत बीज सुटतं, पण हा पहिला माज मुका असतो, बाहेरून दिसत नाही. त्यानंतर काहींना नेहमीचं १७ दिवसांचं चक्र, तर काहींना आधी पाच-सहा दिवसांचं अर्धवट चक्र आणि मग पूर्ण. म्हणून मेंढा सोडल्यापासून साधारण १८व्या आणि २४व्या दिवसाच्या आसपास माजाचे दोन उंचवटे दिसतात. संच घेतलेल्या शेडमध्ये ज्यांनी तारखा नीट लिहिल्या त्यांच्या वह्यांत हेच दोन उंचवटे सापडतील. त्यात पाव किलो भरडीची भर. वर विक्री जास्त होते मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे पत्रकातला ६० दिवसांचा दिवा संपतो तोवर जून लागलेला असतो. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असा हा प्रकार.

वर्षात दोन वेतांचा हिशोब तर कागदावरच मोडतो. गाभणकाळ १४७ ते १५० दिवस. दोन वेळा धरला की सुमारे २९६ दिवस गेले. उरले ६९, म्हणजे प्रत्येक वेतानंतर जेमतेम ३५. व्यालेल्या मेंढीचं गर्भाशय मूळ जागी यायलाच चार-पाच आठवडे लागतात. शिवाय अंगावर कोकरू पीत असतं आणि वजन घटलेलं असतं. एखादी मेंढी करेलही, कळप करणार नाही. कोकरू ६० ते ७५ दिवसांत तोडलं, खुराक नीट ठेवला तर दोन वर्षांत तीन वेत, म्हणजे आठ महिन्यांचं अंतर, हे गाठता येतं. त्यालाही दिवा लागत नाही.

जुळ्यांचं तर उजेडाशी काही देणंघेणं नाही. किती बीजं सुटणार हे जात, अंगावरचं मांस आणि रक्तातलं जनुक ठरवतं. दख्खनी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. जुळी हवी असतील तर फेक-बी या जनुकाकडे वळावं लागतं. बंगालच्या सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीतलं हे जनुक फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनीत आणलं आणि त्यातून नारी सुवर्णा तयार झाली. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने त्याच जनुकावर अविशान उभी केली. जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांचं प्रमाण ठळक वाढतं. पण दोन कोकरांना पुरेल एवढं दूध आईच्या अंगात हवं. चारा नसलेल्या वाड्यात जुळी म्हणजे एकाऐवजी दोन अशक्त कोकरं.

आता खुद्द पेटीकडे येऊ. टायमर बरा आहे. आठवड्याचा कार्यक्रम लावता येतो, दिवसातून अनेकदा चालू-बंद करता येतो आणि आतल्या छोट्या बॅटरीमुळे वीज गेली तरी घड्याळ चुकत नाही. याच किमतीत काही जण खुंट्यांचा गोल टायमर बसवून देतात, तो अजिबात घेऊ नये. वीज गेली की तो थांबतो, वीज आली की तिथून पुढे चालतो. आठवड्याभरात त्याची पहाट दुपारी उगवते आणि मेंढ्यांना रोज नवीनच वेळ कळते.

कॉन्टॅक्टर ८० वॅटच्या भारासाठी गरजेपेक्षा मोठा आहे, पण पुढे ट्यूब वाढवायला उपयोगी. खटकते ती गोष्ट म्हणजे पेटीत ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की तोडणारं बटण, नसणं. ओली जमीन, मूत्र, लोखंडी खांब आणि पत्रे यांच्या मधोमध वायर जाते. एमसीबी वायर वाचवतं, जीव नाही. आरसीसीबी स्वतः विकत घ्या आणि शेडला वेगळं अर्थिंग करून घ्या. वायर उघडी ठेवू नका. शेळ्यांसारखी मेंढरं वायर चावत नाहीत, उंदीर मात्र मक्याच्या पोत्याकडे जाता जाता सोडत नाहीत. पीव्हीसी पाइपातून न्या. ट्यूब उघड्या पट्टीच्या असतील तर अमोनिया आणि धुळीने टोकाचे जोड हिरवे पडतात. धूळ-पाणी अडवणारी बंद फिटिंग थोडी महाग पडते, पण टिकते.

सगळ्यात मोठी उणीव मात्र उजेडाच्या मापाची. जोडणीला येणारा माणूस शेडची लांबी-रुंदी विचारत नाही, चार ट्यूब चार खांबांना ठोकतो आणि जातो. ३० बाय २० फुटांचं शेड घ्या, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. एक २० वॅटची चांगली ट्यूब साधारण २००० ल्युमेन देते, चारांचे ८०००. उघड्या बाजू, काळवंडलेले पत्रे आणि मातीची जमीन धरली तर निम्माच उजेड कामी येतो. मेंढीच्या डोळ्याशी पडतो तो ७० लक्सच्या (लक्स म्हणजे दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन) आसपास, आणि ट्यूबवर धूळ बसली की त्याहून कमी. मेलाटोनिन थांबायला प्रयोगशाळेत याहून पुष्कळ कमी उजेड पुरतो हे खरं. पण शेडमध्ये मेंढी कोपऱ्यात तोंड खुपसून बसते, दुसरीच्या सावलीत उभी असते, म्हणून सबंध शेडभर १०० ते २०० लक्स धरण्याची पद्धत आहे. या शेडला २०० लक्स हवे असतील तर अकरा ट्यूब लागतात. लक्समीटर महाग नसतो. तो जमिनीपासून दोन फुटांवर, म्हणजे मेंढीच्या डोळ्याच्या उंचीवर, आडवा धरून प्रत्येक कोपऱ्यात मोजा. ट्यूबखाली उभं राहून वर धरलेल्या मोबाइलचा आकडा फसवतो.

विजेच्या खर्चाची काळजी करायचं कारण नाही. अकरा ट्यूब रोज साडेपाच तास जाळल्या तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आत. काळजी आहे ती वीज असण्याची. शेड गावठाणात असेल, निरंतर ज्योतीच्या, म्हणजे गावाला चोवीस तास वीज देणाऱ्या सरकारी योजनेच्या लाइनवर असेल तर फारसा प्रश्न नाही. पण अथणी-रायबागकडची बरीचशी शेडं मळ्यात, पंपाच्या लाइनवर. तिथे हेस्कॉम या वीज कंपनीची थ्री फेज वीज ठरावीक तासच येते आणि तिचं वेळापत्रक टायमरच्या वेळापत्रकाशी जुळेलच असं नाही. पहाटे पाचला दिवा लागायला हवा आणि वीज येणार नऊला, तर कार्यक्रम पहिल्याच दिवशी मोडला. एखाद-दोन दिवस चुकल्याने बिघडत नाही, आठवड्यातून तीनदा चुकलं तर मेंढीला मोठा दिवस कळतच नाही. अशा जागी अकरा ट्यूबना १५० अँपिअर-तासांची बॅटरी आणि इन्व्हर्टर हवा, आणि तो संचापेक्षा महाग. विकणारा हे आधी सांगत नाही. सांगितलं तर गिऱ्हाईक दारातूनच परत जाईल.

दिव्याने दिवस लांबवता येतो, आखूड करता येत नाही, हेही लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये मेंढीला आठ-दहा तासांचा दिवस दाखवायचा तर शेड दुपारी चारलाच पूर्ण अंधारी करावी लागेल. आपली शेडं कमरेएवढी भिंत आणि वर जाळीची. ताडपत्री सोडून अंधार केला तर हवा कोंडते. अथणीकडे त्या दिवसांत पारा चाळिशीला टेकलेला असतो. मेंढ्याच्या वृषणाला शरीरापेक्षा चार ते सहा अंशांनी थंड राहावं लागतं. ते तापलं की पंधरा दिवसांत वीर्य बिघडू लागतं आणि सावरायला दीड-दोन महिने घेतं, कारण वीर्य तयार होऊन बाहेर पडायलाच दोन महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे मेमध्ये तापलेला मेंढा जूनच्या ऐन हंगामात रिकामा. मेंढ्या उलटत, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येत राहतात आणि दोष मेंढीला जातो. हातात दहा हजार असतील तर आधी मेंढ्याच्या कप्प्यावर पत्र्याखाली वाळलेल्या पाल्याचा थर द्या, पंखा लावा, अंडकोशावरची लोकर कातरा, पाणी सावलीत ठेवा. पश्चिमेकडे, खानापूरच्या बाजूला, उन्हाचा त्रास कमी, पण तिथे मेंढरंच कमी.

पावसाळा सरताना या दिव्यांचा एक वेगळाच उपद्रव होतो. नीलजिव्हा, म्हणजे ब्लू टंग, हा रोग क्युलिकॉइडिस नावाच्या बारीक चिलटांमुळे पसरतो आणि आपल्याकडे तो पावसाच्या अखेरीपासून थंडीपर्यंत जोर धरतो. ही चिलटं सूर्यास्ताच्या सुमाराला जास्त उडतात आणि दिव्याकडे ओढली जातात. त्यांना पकडायचे सापळेसुद्धा दिव्याचेच असतात. आजूबाजूला अंधार, मधे एक लख्ख पांढरं शेड आणि आत मेंढरं. सप्टेंबर ते डिसेंबर संध्याकाळी हा दिवा लावू नये. लस टोचलेली असली तरी नको. पिवळसर ट्यूबवर किडे कमी येतात, पण मेलाटोनिन थांबवायला निळसर पांढरा उजेड जास्त कामाचा. दोन्ही एकाच ट्यूबमध्ये मिळत नाही.

मग संच कुणाच्याच उपयोगाचा नाही का? एक उपयोग आहे, आणि गंमत म्हणजे पत्रकात त्याला एकच ओळ मिळाली आहे. लांब दिवसात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, जनावर जास्त खातं. १६ तासांच्या उजेडातली कोकरं ८ तासांच्या उजेडातल्यांपेक्षा वेगाने वाढतात, हे परदेशी प्रयोगांत दिसलेलं आहे. आपला साधा दिवसच ११ ते १३ तासांचा, त्यामुळे इथे तेवढा मोठा फरक पडणार नाही. तरीही बकरीदसाठी नर बांधून खाऊ घालणाऱ्याला थंडीच्या दिवसांत पहाटे-संध्याकाळी उजेड दिल्याने खाणं वाढलेलं दिसू शकतं. अट एकच: गव्हाणीत त्या वेळी खायला असायला हवं. रिकाम्या गव्हाणीवर दिवा लावून वजन वाढत नाही. बाकी रात्री व्यायला आलेली मेंढी बघणं, चोर आणि लांडग्याला दूर ठेवणं, ही कामं कुठलाही दिवा करतो.

फिरत्या कळपांना यातलं काहीच लागू नाही. ज्याचा वाडा आज या शेतात आणि परवा त्या शेतात, वाघूर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, हेच ज्याचं शेड, त्याने या पेटीकडे बघायचंही कारण नाही.

त्याच पैशात दुसरं काय होतं ते पाहा. चाळीस मेंढ्यांना मेंढा सोडण्याआधी तीन आठवडे रोज पाव किलो मका भरड: दिवसाला १० किलो, २१ दिवसांचे २१० किलो. किलोला २५ रुपये धरले तरी सव्वापाच हजार. पाठीचा कणा हाताला टोचतो अशा मेंढ्यांना याचा सर्वांत जास्त फायदा. आधीच गुबगुबीत असलेल्यांना देऊन उपयोग नाही. उरलेल्या पैशात जंतनाशक आणि मेंढ्याच्या वीर्याची तपासणी. पंचवीस-तीस मेंढ्यांना एक मेंढा हे प्रमाण पाळलं की अर्धं काम झालं. सगळ्या एकाच आठवड्यात व्यायला हव्या असतील तर पशुवैद्यकाकडून संप्रेरकाचा स्पंज योनीत बसवून घ्या. अविकानगरच्या संस्थेने अविकेसिल-एस नावाचा देशी स्पंज तयार केलेला आहे. स्पंज १२ ते १४ दिवस आत ठेवतात, काढताना पीएमएसजी या बीज वाढवणाऱ्या संप्रेरकाचं इंजेक्शन देतात आणि एक-दोन दिवसांत माज येतो. पण तेव्हा एका मेंढ्यावर पंचवीस सोडू नका, पाच-सहाच सोडा. सगळ्या एकदम माजावर असतात आणि मेंढा एकच. युरोप-ऑस्ट्रेलियात मेलाटोनिनची १८ मिलिग्रॅमची बारीक कांडी कानाच्या बुडाशी कातडीखाली बसवतात. अंधार न करताच शरीराला लांब रात्रीचा निरोप मिळतो. तीही तिकडच्या ऋतूबद्ध जातींसाठीच.

संच आधीच घेतलेला असेल आणि दारात संकरित मेंढ्या असतील, तर तो निदान नीट वापरा. पत्रकातला कार्यक्रम, म्हणजे पहाटे ५ ते रात्री ९ सलग उजेड, वाईट नाही, पण त्यात विनाकारण वीज जाते आणि संध्याकाळी चिलटं येतात. त्याऐवजी तुकड्याचा कार्यक्रम लावा. पहाटे ५ला दिवा लावा, सव्वासातला बंद करा. ही वेळ ६० दिवस एका मिनिटानेही हलवू नका, कारण मेंढीची पहाट तीच आणि पुढचं मोजमाप तिथून सुरू होतं. संध्याकाळ नेहमीसारखी अंधारू द्या. मग पहाटेपासून १६ तासांनी, म्हणजे रात्री ९ ते १०, तासभर पुन्हा लख्ख उजेड. मेंढीचं शरीर त्या तासाला उजेड दिसला की दिवस मोठा आहे असं धरून चालतं, मधला अंधार हिशोबात घेत नाही. मात्र तोच एक तास वीज गेली तर त्या दिवसाचं सगळं वाया. इन्व्हर्टर एवढ्या तासापुरता असला तरी चालेल.

सुरुवात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिवा पूर्ण बंद करा. रात्री शेडमध्ये डोकवायचं झालं तर मंद लाल बॅटरी वापरा. मोठ्या दिवसानंतर साधा पावणेबारा तासांचा दिवस मेंढीला लहान वाटतो. पत्रक म्हणतं आठवड्यात माज येईल. येत नाही, सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे मेंढा सोडायचा मार्चच्या अखेरीला. मेंढ्यालाही हाच उजेड द्यायला हवा, पण वेगळ्या कप्प्यात, मेंढ्यांना वास-आवाज जाणार नाही इतक्या लांब. कोकरं पडतील ऑगस्टच्या शेवटाला-सप्टेंबरात, ऐन पावसात. त्या वेळी कोरडी जमीन आणि सुका चारा देता येणार नसेल तर एवढा खटाटोप करून हगवणीची कोकरं सांभाळायला लागतील. तेवढी सोय नसेल तर सुरुवातच करू नका.

दिव्याने खरंच काही केलं का हे बघायची इच्छा असेल तर कळपाचे दोन भाग करा. वय, वेत, अंगावरचं मांस सारखं हवं. एका भागाला दिवा द्या, दुसऱ्याला देऊ नका, आणि मधे असा आडोसा ठेवा की दिव्याची तिरीपसुद्धा पलीकडे जाणार नाही. मेंढा दोन्ही भागांपासून सारखाच दूर, भरड दोन्हीकडे सारखीच, मेंढा सोडायची तारीख एकच. हे न करता ‘आमच्याकडे आल्या माजावर’ म्हणण्याला अर्थ नाही. वीस-वीसच्या गटांत एकीकडे पंधरा आणि दुसरीकडे बारा गाभण राहिल्या तर तो फरक धरू नका, एवढं इकडे-तिकडे नशिबानेही होतं. अठरा आणि सहा असं काही दिसलं तर विचार करा. मेंढ्याच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा. ज्या मेंढीच्या पाठीवर रंग दिसेल तिचा बिल्ला क्रमांक आणि तारीख लिहा. सतरा दिवसांनी रंग बदला, गेरूऐवजी निळा. लालवर निळा चढलेली मेंढी उलटली असं समजा. अशा निम्म्याहून जास्त निघाल्या तर दिव्याचा नाद सोडून आधी मेंढा तपासा. दुसऱ्या रंगाचे सतरा दिवस संपले की मेंढा बाहेर काढा, आणि त्यानंतर ३५ ते ४५ दिवसांनी सोनोग्राफी करून रिकाम्या मेंढ्या वेगळ्या करा.